रिमोट हॅम स्टेशनला किती एमबीपीएस लागतात? आकडा लहान आहे, अडचण वेगळीच आहे

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांत सॅटेलाइट इंटरनेट पोहोचवण्याची ती बातमी होती. ती आली त्या रात्री आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. आता डोंगरावर स्टेशन टाकायचं, शहरात बसून चालवायचं! आणि लगेच पुढचा प्रश्न: "किती एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा?"

हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारतंय, कारण माझं स्टेशन असंच चालतं. मी पुण्यात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रेडिओ सेट आणि अँटेना मात्र सातारा जिल्ह्यात मामाच्या घरी आहेत. उत्तर मी आधीच सांगून टाकतो: माझं स्टेशन सुमारे १४० केबीपीएसवर चालतं. एमबीपीएस नाही, केबीपीएस. तरीही गेल्या वर्षी नेटमुळेच माझा सेट जळता जळता वाचला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते या लेखात बघू.

स्टेशन लांब का ठेवायचं?

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि कॉलसाइन घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर जगभरातल्या इतर परवानाधारकांशी बोलणं. मध्ये मोबाइल टॉवर नाही, कंपनी नाही. शॉर्टवेव्हचे सिग्नल आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात.

शहरात मात्र दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे सोसायटी. आमच्या गच्चीवर सोलर हीटर चालतो, डिश चालते, पण वीस मीटर लांब तार म्हटलं की कमिटीची मीटिंग लागते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, ती म्हणजे गोंगाट. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, सोलर इन्व्हर्टर, लिफ्ट हे सगळे शॉर्टवेव्हवर सतत खरखर सोडत असतात. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये जिथे फक्त खरखर ऐकू येते, तिथे गावाकडे जपानचं स्टेशन स्पष्ट ऐकू येतं.

जगात हे बरंच पुढे गेलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅसिफिकमधल्या निर्मनुष्य जार्विस बेटावरून एन५जे या कॉलसाइनने मोहीम झाली. ते बेट वन्यजीव अभयारण्य आहे. त्यामुळे पेटीत बसवलेले रेडिओ सेट बेटावर ठेवले होते आणि ऑपरेटर किनाऱ्याजवळच्या बोटीवर होते. शिवाय काही ऑपरेटर स्टारलिंकवरून थेट आपापल्या घरून ते सेट चालवत होते. म्हणजे 'रेडिओ तिकडे, माणूस इकडे' हा आता प्रयोग राहिलेला नाही.

हिशोब मांडू या

रेडिओवर बोलताना आपण साधारण एसएसबी वापरतो. त्यातला आवाज जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो. जुन्या लँडलाइन फोनपेक्षाही अरुंद. असा आवाज डिजिटल करायला सेकंदाला ८,००० नमुने पुरतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा धरला तर कॉम्प्रेशन न करता १२८ केबीपीएस होतात. ओपस नावाचा मोफत कोडेक हेच १६ केबीपीएसमध्ये बसवतो आणि आवाज समजायला काही अडचण येत नाही.

पण नेटवरून आवाज सलग धारेसारखा जात नाही, पाकिटांत जातो. ओपसचं एक पाकीट २० मिलीसेकंदांचं धरू, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येकात आवाजाचा माल ४० बाइट. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांचे पत्ते-शिक्के मिळून आणखी ४० बाइट. मी सुरक्षेसाठी वायरगार्डचा बोगदा वापरतो, त्याचे वरून ६० बाइट. एकूण १४० बाइट.

म्हणजे आवाज १६ केबीपीएसचा आणि प्रत्यक्ष खर्च ५६ केबीपीएसचा. आंब्यापेक्षा पेटीचं वजन जास्त!

बाकीचा हिशोब असा:

- रेडिओचे कंट्रोल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मोड, सिग्नल मीटर: सुमारे १० केबीपीएस.
- वॉटरफॉल, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण आहे ते दाखवणारं सरकतं चित्र. ८०० बिंदू, सेकंदाला १० ओळी: सुमारे ७२ केबीपीएस.
- 'मी अजून जोडलेला आहे' असं सांगणारा छोटा संदेश, सेकंदाला दोनदा: २ केबीपीएसच्या आत.

बेरीज १४० केबीपीएस. तासाला ६३ एमबी. रोज चार तास बसलो तरी महिन्याला साडेसात जीबी. यूट्यूबवर एक क्रिकेट मॅच बघणारा माणूस यापेक्षा जास्त डेटा उडवतो.

आता आकडा फुगतो कुठे? दोन ठिकाणी. एक, लोक स्टेशनवरच्या कॉम्प्युटरचा अख्खा स्क्रीन रिमोट डेस्कटॉपने ओढतात. व्हिडिओ कॉम्प्रेशन चालतं ते 'मागच्या चित्रात आणि या चित्रात फरक थोडा आहे' या भरवशावर. वॉटरफॉल म्हणजे मुळात खरखर, दर क्षणी नवीन. त्यामुळे कॉम्प्रेशनला धरायला काही सापडत नाही आणि साध्या कामाला दोन-तीन एमबीपीएस लागतात. दोन, काही जण एसडीआर रिसीव्हरचा कच्चा आयक्यू डेटाच नेटवरून मागवतात. १९२ किलोहर्ट्झचा पट्टा २४ बिटमध्ये घेतला की सरळ ९.२ एमबीपीएस होतात. दोन्हीवर उपाय एकच: प्रक्रिया तिकडेच करा, निकाल इकडे आणा.

एफटी८ हे त्याचं उत्तम उदाहरण. २०१७ मध्ये आलेला हा डिजिटल मोड १५ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो. त्याचा आवाज नेटवरून पुण्याला आणून इथे उकलायचा हट्ट धरला तर गळालेलं प्रत्येक पाकीट नुकसान करतं. सॉफ्टवेअर गावातल्या छोट्या कॉम्प्युटरवरच चालवलं आणि फक्त यादी मागवली, तर टूजी रेंजवरसुद्धा भागतं.

डाउनलोड कोणाचा, अपलोड कोणाचा?

इथे बरेच जण फसतात. मी पुण्यात ऐकतो, तो माझा डाउनलोड. पण गावाच्या राऊटरसाठी तो अपलोड आहे. म्हणजे रिमोट स्टेशनचं सगळं ओझं स्टेशनच्या अपलोडवर पडतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मात्र बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो.

सरकारी व्याख्याही त्याच बाजूची आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली, पण ती डाउनलोडची. माझी गरज या किमान आकड्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. मग प्लॅन मोठा करून काय मिळणार? मी तो प्रयोगही करून बसलोय. गावात सुरुवातीला ४० एमबीपीएसचं कनेक्शन होतं. आवाज तुटायला लागला म्हणून १०० चं घेतलं. महिन्याला पैसे जास्त, आवाज तसाच तुटका.

खरा चोर: रांग

शेवटी एका रविवारी मामेभावाला फोनवर घेतलं आणि पिंग लावून बसलो. नेट मोकळं असताना उत्तर १८ मिलीसेकंदांत येत होतं. तेवढ्यात भावाने लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले आणि पिंग थेट ८०० मिलीसेकंदांवर गेलं. फोटो थांबवले, पुन्हा १८.

याला बफरब्लोट म्हणतात. राऊटरमध्ये पाकिटं रांगेत उभी करायला जागा असते. समजा ती ५०० केबीची आहे आणि अपलोड ५ एमबीपीएस आहे. फोटोंनी रांग भरली की नव्या पाकिटाचा नंबर यायला ०.८ सेकंद लागतो. माझं १४० बाइटचं पाकीट कितीही हलकं असलं तरी ते रांगेच्या शेवटीच उभं राहणार. गावात रस्ता रुंद केला म्हणून काय, पुढे वरात नाचत असेल तर मागची दुचाकी अडकतेच.

उपाय फुकटात झाला. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा जुना राऊटर मध्ये बसवला, त्यात एसक्यूएम सुरू केलं आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवली. आता रांग माझ्या राऊटरमध्ये लागते आणि तो छोट्या पाकिटांना पुढे जाऊ देतो. फोटो चढत असतानाही पिंग तिशीच्या आसपास राहतं. थोडा वेग मी स्वतःहून सोडला आणि स्टेशन सुधारलं. १०० चा प्लॅन पुन्हा ४० वर आणला.

उशीर किती चालतो, हे तुम्ही काय करता त्यावर ठरतं. निवांत गप्पांना जाऊन-येऊन ३०० मिलीसेकंदही चालतात. दुर्मिळ स्टेशनला शेकडो लोक एकाच वेळी हाका मारत असतात, तिथे १००-१५० च्या वर गेलात की तुमची हाक नेहमी उशिरा पोहोचते. मोर्स तर आणखी कडक. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक 'डिट' ६० मिलीसेकंदांचा असतो. पाकिटांच्या पोहोचण्यात तेवढाच चढउतार, म्हणजे जिटर, आला तर डिटचा डॅश होतो आणि समोरच्याला भलतंच अक्षर ऐकू जातं. म्हणून मोर्सचा स्वतःला ऐकू येणारा टोन नेहमी इकडच्या कॉम्प्युटरवर तयार करायचा आणि तिकडे प्रत्येक ठोका वेळेच्या शिक्क्यासह पाठवायचा.

समाधानाची गोष्ट म्हणजे ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत विलंब, जिटर आणि पॅकेट गळती यांचा विचार आला आहे. पण प्लॅन विकत घेताना हे आकडे ग्राहकासमोर कोणी ठेवत नाही. दुकानात अजून एमबीपीएसच विकले जातात.

सॅटेलाइटने प्रश्न सुटेल का?

बराचसा सुटेल, पण सगळा नाही. जुनं सॅटेलाइट इंटरनेट ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहातून चालायचं. तिथे प्रकाशाच्या वेगानेच जाऊन-येऊन जवळपास ४८० मिलीसेकंद जातात, प्लॅन कितीही महाग घ्या. स्टारलिंकचे बरेचसे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे अंतराचा उशीर काही मिलीसेकंदांवर येतो. जार्विससारख्या मोहिमा शक्य झाल्या त्या यामुळे. मात्र तुमची डिश कोणत्या उपग्रहाशी बोलणार, हे दर १५ सेकंदांनी नव्याने ठरतं आणि त्या बदलात छोटे झटके बसू शकतात. गप्पांना ते जाणवणार नाहीत, वेगवान मोर्सला जाणवतील.

दुसरी गोष्ट वीज. स्टारलिंकची नेहमीची डिश साधारण ७५ ते १०० वॅट खाते. माझा सेट नुसता ऐकत असताना २० वॅटच्या आसपास घेतो. डोंगरावर सोलर पॅनल आणि बॅटरीवर स्टेशन टाकणार असाल तर बॅटरीचा आकार रेडिओ ठरवणार नाही, इंटरनेट ठरवेल. ७५ वॅटने चोवीस तास म्हणजे दिवसाला १.८ युनिट, फक्त नेटसाठी.

फायबर असेल तरी लाइट गेल्यावर काय, हे विचारून ठेवा. आपल्या घरी इन्व्हर्टर असून भागत नाही. खांबावरच्या पेटीत बॅकअप नसेल तर घरातला राऊटर नुसताच चमकत बसतो.

आणि लांबचं स्टेशन वापरणार असाल तर समुद्राखालच्या केबलही तुमच्या स्टेशनचा भाग होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला जास्त उशीर लागेल असं जाहीर केलं होतं. अशा वेळी वाहतूक लांबच्या वाटेने वळवली जाते. प्लॅनवरचा वेग तोच राहतो, मिलीसेकंद वाढतात.

गावाचा पत्ताच सापडत नाही

आणखी एक व्यावहारिक अडथळा. बहुतेक छोट्या प्रोव्हायडरकडे आणि सगळ्या मोबाइल नेटवर्कवर तुम्हाला स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. शेकडो घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता असतो. पोर्ट फॉरवर्डिंगचे सगळे व्हिडिओ इथे निरुपयोगी.

मार्ग तीन: पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या, दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर ते वापरा, किंवा गावातल्या मशीनने स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी बोगदा जोडून ठेवावा. मी तिसरा घेतला. सर्व्हर मुंबईतलाच निवडा. सिंगापूरचा घेतला तर पुणे ते सातारा हा प्रवास सिंगापूरमार्गे होतो आणि प्रत्येक वाक्याला समुद्र ओलांडावा लागतो.

ती चार मिनिटं

आता सुरुवातीला म्हटलेला प्रसंग. मागच्या पावसाळ्यात, रात्री सव्वानऊला, मी अँटेना ट्यून करत होतो. ट्यून करताना सेट सलग कॅरियर सोडतो. मी 'सुरू' म्हटलं आणि त्याच क्षणी गावातलं नेट गेलं. 'थांब' ही आज्ञा पोहोचलीच नाही. म्हणजे गावातला सेट अखंड ट्रान्समिट करतोय आणि मी पुण्यात काळ्या खिडकीकडे बघतोय.

मामाला फोन लावला. मामा जेवायला बसलेले.

"मामा, वरच्या खोलीत जाऊन पंख्याशेजारचं बटण बंद करा. लगेच."

"अरे, हात धुऊन जातो की."

"नको मामा, तसंच जा!"

चार मिनिटं लागली. मामांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "हे तुझं यंत्र तव्यासारखं तापलंय रे." घरात म्हातारी आजी, लाकडी माळा आणि त्या खोलीत कोणी नाही. सेट वाचला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोष नेटचा नव्हता. नेट जाणारच. नेट गेल्यावर स्टेशनने काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं, ही चूक माझी.

आता तीन कुलपं आहेत. पहिलं, वरच्या यादीतला तो २ केबीपीएसच्या आतला 'मी जोडलेला आहे' संदेश. दीड सेकंद तो आला नाही की गावातला रास्पबेरी पाय स्वतःच ट्रान्समिट सोडतो. दुसरं, सेटमधला टाइम-आउट टायमर, तीन मिनिटांवर. पाय अडकला तरी सेट थांबेल. तिसरं, वेगळ्या कंपनीच्या सिमवर चालणारा स्विच, जो पॉवर सप्लायच तोडतो. आणि चौथं म्हणजे मामा. त्यांच्यासाठी बटणावर लाल कागद चिकटवलाय.

माझ्या अख्ख्या स्टेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा डेटा २ केबीपीएसपेक्षा कमी आहे आणि नेमका तोच मी सगळ्यात शेवटी बसवला.

मग प्लॅन कोणता घ्यायचा?

प्लॅन घेण्याआधी स्टेशनच्या जागी एक संध्याकाळ बसा. पिंग लावा, दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा आणि आकडा किती उडतो ते बघा. गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री आठ ते दहा, पुन्हा बघा. तिथे सलग १ एमबीपीएस अपलोड आणि शंभराच्या आत राहणारं पिंग मिळालं तर बोलायला, ऐकायला, मोर्सला, सगळ्याला पुरतं. सिमवर चालवणार असाल तर वॉटरफॉल चोवीस तास चालू ठेवू नका. १४० केबीपीएसने दिवसाला दीड जीबी होतात आणि रोजच्या दीड जीबीचा प्लॅन नेमका तिथेच संपतो. पासवर्ड कोणाला देऊ नका. परवाना तुमच्या नावावर आहे आणि त्यात स्टेशनचा पत्ता लिहिलेला आहे. बटण कोणीही दाबलं तरी जाब तुम्हालाच द्यावा लागेल. परवान्याच्या अटी वाचा आणि रिमोट वापराबद्दल परवाना कार्यालयाला लेखी विचारून मगच ट्रान्समिट करा.

आणि एक गोष्ट स्वतःशी कबूल करा. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानातच होते. संपर्क तुटलेल्या बेटांवरून त्यांनी निरोप पोहोचवले, कारण सेट त्यांच्या हाताशी होता. माझं स्टेशन त्या दिवशी काही कामाचं नसतं. नेट गेलं की ते मुकं होतं, आणि तसं ते व्हावं म्हणून मीच तीन कुलपं लावली आहेत.

म्हणून मामेभावाला मी आता परीक्षेच्या अभ्यासाला बसवलंय. त्याला परवाना मिळाला की त्या खोलीत सेटसमोर एक माणूस असेल. तेवढा बॅकअप कुठल्याच प्लॅनमध्ये येत नाही.